अलिबागचा कुलाबा किल्ला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की किल्ला हाकेच्या अंतरावर दिसतो. सहल फसते ती बहुधा याच दिसण्याने. रविवार बघून लोक येतात, समोर छातीभर पाणी असतं आणि शहाळं पिऊन परत जातात. या किल्ल्याला जायचं तर कॅलेंडरवर सुट्टीच्या आधी तिथी बघायची. पुढची बरीचशी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

किल्ल्यात चालत जाता येतं का?

येतं, पण फक्त ओहोटीला. किनाऱ्यापासून किल्ला साधारण एक किलोमीटरवर आहे. पाणी ओसरलं की मधली ओली पुळण (वाळू) आणि खडकांचे पट्टे उघडे पडतात, आणि रमतगमत वीस-पंचवीस मिनिटांत महादरवाजा गाठता येतो. भरतीला हाच रस्ता पूर्ण पाण्याखाली जातो आणि किल्ल्याचं बेट होतं. दिवसातून दोनदा ओहोटी येते. त्यातली एक रात्री-पहाटे वाया जाते, म्हणजे उपयोगाची एकच.

ओहोटीची वेळ कशी काढायची?

अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. मुंबईचा तक्ता अलिबागला चालतो, फरक फार तर काही मिनिटांचा. मराठी वर्तमानपत्रांत रोजच्या वेळा छापून येतात, मोबाइलवरही दिसतात.

पण महिनाभर आधी सहल ठरवताना कोकणातला जुना हिशेब सोपा पडतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारचे पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी, म्हणजे सकाळी आणि रात्री नवाच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अष्टमीला आठचे पाऊण सहा: भरती सकाळ-संध्याकाळी सहाला, ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती भर दुपारी आणि मध्यरात्री, ओहोटी सकाळ-संध्याकाळ. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि पाऊणकीचा हिशेब उभा आहे तो त्यावरच.

या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दिवस निवडायला तो पुरतो. पाण्यात पाय घालायची वेळ मात्र तक्त्यावरूनच ठरवायची.

मग कुठली तिथी सगळ्यात चांगली?

नुसती ओहोटी दिवसा असून भागत नाही, पाणी खोलवर ओसरायलाही हवं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. अष्टमीच्या आसपास भांग असतं, म्हणजे भरती लहान आणि ओहोटीही अर्धवट. उधाणाचा आणि भांगाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येतो. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दिवस आधीच्या दिवसांपेक्षा उजवे.

दोन्ही गोष्टी जुळवल्या की असं दिसतं:

द्वितीया ते पंचमी: ओहोटी सकाळी साडेसात ते पावणेदहा. पाणी चांगलं ओसरतं. चालत जायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत. त्यातही तृतीया, चतुर्थी आणि पंचमी पहिल्या पसंतीच्या, कारण ऊन चढायच्या आत काम होतं आणि भल्या पहाटे उठावंही लागत नाही.

षष्ठी-सप्तमी: ओहोटी साडेदहा-सव्वाअकराला, पण पाणी कमी ओसरायला लागलेलं असतं. मधल्या पट्ट्यात गुडघाभर पाणी गृहीत धरा.

अष्टमी ते एकादशी: ओहोटीची वेळ बारा ते सव्वादोन, ऐकायला सोयीची आणि प्रत्यक्षात फसवी. भांगामुळे वाट बहुतेक उघडी पडतच नाही. होडीचे दिवस.

द्वादशी-त्रयोदशी: ओहोटी तीन ते पावणेचार. पाणी पुन्हा ओसरायला लागतं, दुपारची फेरी जमते. चतुर्दशीला ओहोटी साडेचारच्या पुढे जाते आणि संध्याकाळची घाई होते.

पौर्णिमा, अमावास्या, प्रतिपदा: ओहोटी खोल, पण सकाळी लवकर आणि संध्याकाळी. किनाऱ्यावरून बघायला सुरेख, किल्ल्यात जायला गैरसोयीची.

यात एक गंमत आहे. किल्ल्यातलं मुख्य देऊळ गणपतीचं. संकष्टी असो, विनायकी असो किंवा माघी गणेश जयंती असो, तिथी चतुर्थीच. म्हणजे पावसाळा सोडला तर गणपतीच्या प्रत्येक दिवशी समुद्र सकाळी नवाच्या सुमारास वाट मोकळी करून देतो, आणि तीही उधाण नुकतंच उलटल्यावर, खोल ओहोटीची. दर्शनाला जाणाऱ्यांना दिवस निवडायला तक्ता बघावा लागत नाही तो याचमुळे. अंगारकीला आणि माघी जयंतीला गर्दीही तशीच असते.

तक्त्यात वेळेपुढे मीटरचा आकडा असतो, तो कशासाठी?

वेळेइतकाच महत्त्वाचा. ओहोटीचा आकडा जितका लहान, तितकी वाट जास्त उघडी. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या तक्त्यात ओहोटी अर्ध्या-पाऊण मीटरपर्यंत उतरते, भांगात दीड-दोन मीटरच्या आसपासच अडते. एका मीटरच्या आतला आकडा असेल तर चालत जायचा बेत करा. दीडच्या वर असेल तर होडीचाच विचार करा. मधल्या आकड्यांना किनाऱ्यावर घोडागाडीवाल्यांना विचारा, त्यांच्या घोड्यांना रोज तेच पाणी कापायचं असतं. एकाच दिवशीच्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात, म्हणून आकडा दिवसाच्या ओहोटीचाच वाचा.

किनाऱ्यावरून कधी निघायचं आणि परत कधी फिरायचं?

ओहोटीच्या वेळेला निघायचं, ही सगळ्यात नेहमीची चूक. ती पाण्याने परत फिरायची वेळ असते. तोवर तुम्ही किल्ल्यात असायला हवं.

समजा, ओहोटी दहाला आहे. सव्वाआठ-साडेआठला पुळणीवर या. पाणी पोटरीपर्यंत असेल तर निघा, गुडघ्यावर असेल तर वीस मिनिटं थांबा. नऊला महादरवाज्यात. दीड तास आत. साडेदहा, फार तर पावणेअकरा वाजता दरवाजा सोडा आणि अकराच्या आसपास किनाऱ्याला लागा. लक्षात ठेवायला एवढंच पुरे: ओहोटीनंतर पाऊण तासाच्या आत किल्ला सोडायचा.

पाऊणच तास का, हे समजून घेण्यासारखं आहे. भरतीचं पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढावाचा बारावा भाग, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन भाग, मग पुन्हा दोन आणि एक, असा साधारण हिशेब असतो. उधाणाला चढाव चार मीटर धरला तर पहिल्या तासात पाणी फुटभर वाढतं. म्हणून माणसाला वाटतं, अजून वेळ आहे, तोफांपाशी फोटो काढू. तिसऱ्या तासात तेच पाणी मीटरभर चढतं. घोट्याचं पाणी कमरेला यायला मग तासही लागत नाही. शिवाय वाट सगळीकडे सारखी नाही. मधले सखल पट्टे आधी भरतात. किल्ल्याजवळ कोरडी पुळण दिसते, किनाराही कोरडा दिसतो, आणि पाणी मध्ये असतं.

उशीर झाला आणि पाणी वाढलं तर?

पाण्यात उतरू नका. किल्ल्याच्या आत थांबायला जागा आहे, तट भक्कम आहे, पाणी आत येत नाही. होड्या चालू असतील तर होडीने परत या. नसतील तर पाणी पुन्हा ओसरेपर्यंत आठ-दहा तास थांबावं लागेल. कंटाळवाणं आहे, धोक्याचं नाही. धोका असतो तो "एवढंसंच तर अंतर आहे" म्हणत अर्ध्या वाटेत गेलेल्यांना. पोहता येतं, हा भरवसाही इथे फारसा कामाचा नाही. चढत्या पाण्याला बाजूची ओढ असते आणि खाली खडक असतात. कुणी अडकलेलं दिसलं तर ११२ लावा. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४.

घोडागाडी घ्यावी की होडी?

ओहोटी असेल तर घोडागाडी, भरती असेल तर होडी. तुम्ही निवडायचं फारसं काही नसतं. गुडघाभर पाण्यातूनही घोडागाडी जाते, म्हणून ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलं असतील तर ती बरी. भाडं जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट ठरवा. नुसतं "किल्ल्यावर सोडा" म्हणून बसलात तर परतीचा सौदा पाणी चढताना करावा लागतो आणि तेव्हा तुमची बाजू लंगडी असते. गाडीवाला "आता निघा" म्हणाला की निघायचं. तो तुम्हाला पिटाळत नसतो, पाणी बघत असतो.

होडीत बसताना लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बक्कल लावा. नुसतं खांद्यावर टाकलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर डोक्यावरून निघून जातं.

पायात काय घालावं?

मागून पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट, जे भिजले तरी चालतील. रबरी स्लीपर चिखलाळ पुळणीत रुतते आणि पाय तेवढा वर येतो. अनवाणी अजिबात नको. खडपांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपल्यांची कड ब्लेडसारखी असते. हिरवं शेवाळ दिसेल त्या दगडावर पाय ठेवू नका, दोन दगडांमधल्या वाळूत ठेवा. गढूळ पाण्यातून जाताना पाय उचलून टाकण्यापेक्षा तळाशी घासत न्या. वाळूत पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बसलेलं असेल तर चाहूल लागून निघून जातं.

सोबत प्रत्येकी लिटरभर पाणी, टोपी आणि मोबाइलसाठी झिप असलेली प्लास्टिकची पिशवी घ्या. खाण्यापिण्याची भिस्त किल्ल्यावर ठेवू नका. शौचालयाचं काम किनाऱ्यावरच उरकून निघा.

पावसाळ्यात गेलं तर चालतं का?

नको. होड्या बंद असतात, लाटा मोठ्या असतात आणि ओहोटीलाही पाणी तक्त्याप्रमाणे ओसरेल याचा भरवसा नसतो, कारण तक्ता चंद्र-सूर्याचा हिशेब सांगतो, वाऱ्याचा नाही. जोरदार पश्चिमेचा वारा पाणी किनाऱ्याकडे दाबून धरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च ते मे सकाळच्या ओहोटीलाच जा, आत झाडं असली तरी तटावर सावलीचा ठिपका नाही.

तिकीट आहे का?

आहे. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. भारतीयांना पंचवीस-एक रुपये, परदेशी नागरिकांना त्याहून बरंच जास्त, पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. दर आणि वेळा बदलतात, खिडकीवरचा फलक खरा. सुट्ट्या नोटा जवळ असू द्या.

आत काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने?

किल्ला लहान आहे. दक्षिणोत्तर सुमारे २६७ मीटर, पूर्व-पश्चिम सुमारे १०९ मीटर. तटाची उंची सरासरी पंचवीस फूट, बुरूज सतरा. दीड तासात सगळं बघून होतं, पण क्रम ठेवला तर.

महादरवाज्यात लगेच आत घुसू नका, आधी मान वर करा. कमळं, मोर, हत्ती, शरभ (सिंहासारखा काल्पनिक प्राणी) असं कोरीवकाम दगडात आहे आणि खाऱ्या वाऱ्याने झिजूनही ओळखू येतं. दरवाजा एक नाही, आत दुसरा आहे. पहिला फोडून आत आलेल्याला मधल्या आखूड जागेत कोंडायची ही सोय.

आत शिरल्यावर तटाला लागून भवानीचं देऊळ, समोर पद्मावतीचं छोटं देऊळ. पुढे वाड्यांचे चौथरे आणि हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गा. मग मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याच्या, म्हणजे आंग्र्यांच्या, वाड्याचे अवशेष. त्यानंतर सिद्धिविनायकाचं देऊळ, रघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेलं. हे पंचायतन आहे: गणपतीसोबत शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी. देऊळ पूजेतलं आहे. ओली चप्पल बाहेर, आणि भिजलेले पाय धुऊनच आत. शेजारी दगडी पायऱ्यांची पुष्करणी.

इथून दक्षिणेला धाकटा दरवाजा, त्याला यशवंत दरवाजा म्हणतात. परत फिरताना तटावर चढून उत्तरेला या आणि तोफा बघून खाली उतरा. तोफा शेवटी ठेवायचं कारण साधं आहे: तिथून किनाऱ्याची वाट पूर्ण दिसते, म्हणजे पाणी कुठवर आलंय ते निघण्याआधी डोळ्यांनी कळतं.

बुरुजांची नावं विचारून घ्या: पिंजरा, नगारखानी, गणेश, सूर्य, हनुमंत, तोफखानी, दारूखानी. नावांवरूनच कुठे काय होतं ते उलगडतं.

आत एवढं रिकामं का? वाडे गेले कुठे?

बहुतेक जळाले, उरलेले विकले गेले. वाडे लाकडी होते. १७२९ साली पिंजरा बुरुजाजवळ मोठी आग लागली, १७८७ च्या आगीत आंग्र्यांचा वाडा गेला. पुढे इंग्रजी अंमलात, १८४२ साली, आतलं लाकूडकाम लिलावात काढलं आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या बांधकामाला वापरले. म्हणून आज चौथरे आहेत, भिंती नाहीत.

तटाच्या दगडांमध्ये चुना दिसत नाही. तो वाहून गेला का?

नाही, बाहेरच्या तटाला तो भरलाच नव्हता. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचले आहेत. बाहेरच्या बाजूने, जिथे लाट आपटते तिथे, सांध्यात बोट घालून बघा, सरळ आत जातं. चुन्याने बंद केलेल्या सपाट भिंतीवर लाट आपटली की सगळा जोर एकाच क्षणी भिंतीवर येतो, आणि सांध्यात शिरलेलं थोडं पाणी दाबाने चुना फोडत जातं. इथे पाणी फटींमध्ये शिरतं, आत विखुरतं आणि लाट मागे गेली की निथळून जातं. चिरा जागचा हलत नाही तो स्वतःच्या वजनामुळे. लाट येत असताना कान लावलात तर ते निथळणं ऐकूही येतं.

म्हणूनच या फटी सिमेंटने बुजवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तटाच्या पायामध्ये शिसं ओतल्याची गोष्ट इथे कुणी सांगितली तर ती सिंधुदुर्गाची, या किल्ल्याची नाही.

चाकांवरच्या तोफा कान्होजी आंग्र्यांच्या आहेत का?

नाहीत, जरी फोटोखाली तसंच लिहिलं जातं. तोफेवरची अक्षरं वाचा: इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर इथल्या लोखंड कारखान्याचं नाव आहे. तो कारखाना १७९१ साली सुरू झाला. कान्होजी वारले १७२९ साली. मध्ये साठ वर्षं गेली. तोफा बघण्यासारख्या आहेतच, लोखंडी गाड्यावर अजून उभ्या आहेत. फक्त त्यांच्यावर चढून फोटो काढू नका. गाडा गंजलेला आहे आणि खाली तटाची कड आहे.

समुद्रात वेढलेल्या किल्ल्यात गोडं पाणी कसं?

ते पावसाचं आहे. अलिबागला धो-धो पाऊस पडतो, आणि किल्ल्याचा आतला भाग उंच तटाने वेढलेला आहे. पडलेलं पाणी पुष्करणीत आणि विहिरीत साठतं, खडकाच्या भेगांत मुरतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून खाली खारं असलं तरी ते वर तरंगतं. बेताने उपसलं तर वर्षभर टिकतं, अधाशासारखं उपसलं तर खालचं खारं वर येतं. शिबंदीला (किल्ल्यातल्या सैनिकांना) पाणी मोजून वापरावं लागत असणार ते याचमुळे. आज ते पिऊ नका, बाटली बरोबर न्या.

शेजारचा छोटा किल्ला कुठला?

सर्जेकोट. कुलाब्याच्या उत्तरेला दगडी बांधाने जोडलेला. शेजारचा खडक मोकळा सोडला तर शत्रू त्यावर तोफा चढवून मुख्य किल्ला झोडपेल, म्हणून तो आधीच तटाने बंदिस्त केला. बांधावरचे दगड निसरडे आहेत. जायचं तर ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी, परतीच्या वाटेवर नव्हे.

किल्ला बांधला कुणी?

मार्च १६८० मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने काम सुरू झालं. पुढच्याच महिन्यात महाराज गेले आणि काम संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुरं झालं. किल्ल्याची आणि आरमाराची जबाबदारी दर्यासारंग आणि मायनाक भंडारी यांच्याकडे होती. किल्ल्याला खरं नाव मिळालं ते कान्होजी आंग्र्यांमुळे. १७२१ साली मुंबईकर इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, समुद्राकडून इंग्रजी जहाजं आणि जमिनीवरून पोर्तुगीज फौज. मोहीम पुरती फसली आणि नंतर दोघं एकमेकांना दोष देत बसले. पुढे त्यांचे वंशज मानाजी आणि रघोजी यांच्या हाती कुलाबा राहिला. १८४० च्या सुमारास वारस नसल्याचं कारण दाखवून इंग्रजांनी आंग्र्यांचं संस्थान खालसा केलं.

कान्होजींची समाधी अलिबाग शहरातच आहे, ती चुकवू नका. हिराकोट तळ्याकाठचा हिराकोटही आंग्रेकालीन, पण तिथे तुरुंग आहे, बाहेरूनच बघायचा. मुंबईतल्या नौदलाच्या तळाला १९५१ पासून 'आयएनएस आंग्रे' नाव आहे ते कान्होजींचंच.

मुंबईचा कुलाबा आणि हा कुलाबा एकच का?

नाही, आणि नकाशात नुसतं "कुलाबा" टाकणारे आजही दक्षिण मुंबईत पोचतात. शोधताना "अलिबाग" जोडा. घोळ जुना आहे, कारण हा सगळा जिल्हाच १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता, मग तो रायगड झाला. दोन्ही कुलाब्यांना जोडणारा एक धागा मात्र आहे. मुंबईच्या कुलाब्यात चुंबकीय वेधशाळा होती. विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथली मापनं बिघडणार होती, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती अलिबागला हलवली. ती अजून चालू आहे.

युनेस्कोच्या यादीत हा किल्ला आहे का?

नाही. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्य म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात समुद्रातले आणि किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत, कुलाबा नाही. खांदेरी इथून जवळच, थळच्या समोर आहे.

यायचं कसं?

मुंबईहून सोपी वाट समुद्राची: गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला लाँच, सुमारे एक तास, आणि मांडव्याहून अलिबागपर्यंत वीसेक किलोमीटर बस, बहुतेकदा लाँचच्याच तिकिटात. पावसाळ्यात गेटवेची सेवा बंद असते. गाडी घेऊन यायची तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट. रस्त्याने पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग, मुंबईपासून शंभरेक किलोमीटर. शनिवारी सकाळी वडखळला तास सहज जातो, तेव्हा सकाळी नवाची ओहोटी गाठायची तर आदल्या रात्री मुक्कामाला या. पुण्याहून खोपोली-पेणमार्गे. रेल्वेने पेण, तिथून एसटी. एसटी स्टँडपासून किनारा रिक्षाने पाच मिनिटांवर.

गाडी पुळणीवर नेली तर?

रुतेल. अलिबागची काळसर ओली वाळू वरून घट्ट वाटते, पण थांबलेल्या चाकाखालून पाणी निघतं आणि चाक बसतं. मग जोरात एक्सलरेटर दिला की आणखी खोल. इकडे पाणी चढत असतं. दर हंगामात एखादी तरी महागडी गाडी बॉनेटपर्यंत भिजते. खारं पाणी एकदा वायरिंगमध्ये गेलं की गाडी सुकवून काही साधत नाही.

आजी-आजोबांना आणि लहान मुलांना न्यावं का?

घोडागाडीने जरूर. मात्र गाडी दरवाज्याबाहेर थांबते. पुढे ओबडधोबड दगडी चढ आहे, व्हीलचेअर जात नाही. गणपतीपर्यंतची वाट बऱ्यापैकी सपाट आहे, तटावरच्या पायऱ्या त्यांनी सोडाव्यात. तटाला समुद्राकडे सगळीकडे कठडा नाही, पोरांचा हात धरूनच वर चढा.

ड्रोन उडवता येतो का? लग्नाआधीचे फोटो?

परवानगीशिवाय ड्रोन नाही. मोबाइलवर आणि हातातल्या कॅमेऱ्यावर फोटोला हरकत नसते. ट्रायपॉड, दिवे, व्यावसायिक चित्रीकरण यांना पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी लागते, आणि ती दरवाज्यात उभं राहून मिळत नाही.

त्याच दिवशी मुरुड-जंजिरा होईल का?

होईल, जर कुलाब्याची ओहोटी सकाळची असेल. अलिबागहून मुरुड पन्नासेक किलोमीटर, रस्ता वळणावळणाचा, दोन तास धरा. जंजिऱ्याला ओहोटीला चालत जाता येत नाही, राजपुरीहून होडीनेच जायचं, आणि सुट्टीला तिथे रांग लागते. द्वादशी-त्रयोदशीला उलट करा: सकाळी जंजिरा, आणि ओहोटीच्या दीड तास आधी अलिबाग. भांगाच्या दिवशी दोन्हीकडे होडीच लागणार, तेव्हा अलिबागला होड्या चालू आहेत का ते विचारूनच मुरुडहून निघा.